रिक्षा बदलली म्हणून बोंब

सकाळचा चहा उकळेपर्यंत माझा फोन अकरा वेळा कोकलला होता, आणि अकराही वेळा जगात कुठंच काही झालेलं नव्हतं. काही झालं नाही हे ओरडून सांगणारं हे यंत्र दुसऱ्या कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. ते मीच बनवलं होतं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि बनवल्यावर शेजारणीला दाखवूनही आले होते. शेजारीण म्हणाली होती, "छान आहे की. पण हे करतं काय?" तेव्हा मला तिची कीव आली होती. आता वाटतं, त्या दिवशी शहाणी ती एकटीच होती.

करतं काय ते सांगते. इंटरनेटवर प्रत्येक नावामागं आकड्यांचा एक पत्ता असतो. कॉलेजचं नाव टाइप केलं की आधी त्या नावाचा पत्ता विचारला जातो, उत्तर येतं, आणि मग पान उघडतं. या नोंदींना डीएनएस म्हणतात. कुणी लबाडानं ती नोंद बदलली तर पोरं फॉर्म भरतात ते भलत्याच्याच दारात, आणि कॉलेजला पत्ताही लागत नाही. म्हणून कुणीतरी राखण करावी लागते. ही राखण आम्ही करतो, म्हणजे मी आणि माझी सून, धाराशिवातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून. तिचं शिक्षण कॉम्प्युटरचं. माझी अख्खी नोकरी टेलिफोनात गेली, त्यामुळं कुठली तार कुठं लागते याचा नाद मला आधीपासूनच. निवृत्त झाल्यावर मी तिच्या मागं लागले, "मलाही शिकव." तिनं शिकवलं, आणि मग पस्तावली.

माझा कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्राम, दर पाच मिनिटांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा पत्ता विचारायचा. मागचं उत्तर आणि आताचं उत्तर जुळलं नाही की बोंब मारायचा. बोंब आमच्या फोनवर तर यायचीच, शिवाय माझ्याच नंबरावरून थेट गिऱ्हाइकाच्या फोनवरही जायची. सून म्हणाली होती, "आत्या, आधी आपण बघू, मग त्यांना कळवू." (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.) मी म्हटलं, "तोवर चोर पळून जाईल." ही माझी अक्कल.

आठ-नऊ गिऱ्हाइकं होती. दुधाची डेअरी, दोन दवाखाने, एक बियाण्याचं दुकान, असली. मोठं गिऱ्हाईक एकच, इथलं एक कॉलेज. ते आहे म्हणून बाकीचे आहेत. कॉलेजनं सोडलं की डेअरीही सोडणार, हे आम्हाला माहीत होतं. वर्षभर सगळं नीट चाललं. मग प्रवेशाच्या गर्दीत साइट कोलमडते म्हणून कॉलेजनं ती सीडीएनमागं नेली. सीडीएन म्हणजे साइटच्या प्रती गावोगावच्या यंत्रांवर ठेवायच्या आणि विचारणाऱ्याला त्या घटकेला जे यंत्र जवळचं आणि मोकळं असेल त्याचा पत्ता द्यायचा. सोय चांगली. पण आता दर वेळी विचारलं की उत्तर वेगळं. कधी दोन पत्ते, कधी चार, कधी तेच चार पण उलट्या क्रमानं. माझ्या कार्यक्रमाला वाटायचं, चोर शिरला. पाच मिनिटांनी वाटायचं, दुसरा शिरला.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या मोठ्या बाबूंचा फोन आला. माणूस वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, बोलायला तिखट.

"काकू, पत्ता बदलला म्हणं."

"व्हय, तसा मेसेज आला असेल."

"कालबी बदलला. परवाबी बदलला. आमी हितंच हाव ना? का बिल्डिंग उचलून नेली कुणी?"

"तसं न्हाय बाबू, ते सीडीएनमुळं..."

"ते काय मुळं आसंल ते आसंल. प्राचार्यसायबाच्या मीटिंगीत माजा फोन सतरा डाव वाजला. सायब म्हनले, घरी कुनी आजारी हाय का तुमच्या? मला सांगा, मी काय सांगू?"

बाबूंनी शेवटी निरोप दिला तो साहेबांचाच होता: महिनाअखेरपर्यंत हा दंगा थांबला नाही तर राखण बंद.

सुनेला सांगितलं. ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "आत्या, पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय, मुलाखतीला बोलावलंय. मी त्यांना महिनाभर थांबा म्हटलंय." मला ठाऊक नव्हतं. मुलगा जवळच्या तेर गावच्या शाळेत शिकवतो, रोज एसटीनं जातो-येतो. तो नोकरी सोडून जाणार नाही. म्हणजे सून जाणार, नात तिच्याबरोबर जाणार, आणि घरात मी, माझा मुलगा आणि कोकलणारा फोन. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते.

"कॉलेज राहिलं तर राहते मी," एवढंच म्हणाली. "नाही तर एकट्या डेअरीवर घर चालत नाही."

मग मी कंबर कसली. आणि मी कंबर कसली की काय होतं, ते घरातल्या लोकांना चांगलं माहीत आहे.

पहिलं काम केलं ते बरं केलं. आलेले पत्ते आधी क्रमानं लावायचे आणि मग ताडायचे, म्हणजे नुसता क्रम उलटा झाला म्हणून बोंब नको. निम्मी बोंबाबोंब त्यानंच थांबली. मी खूश. मग दुसरं काम केलं. एक शंभर पानी वही घेतली आणि नवा पत्ता आला की तो वहीत लिहून कार्यक्रमाला सांगायचं, "बाबा, हा आपला, याच्यावर ओरडू नको." दोन दिवस लिहिलं. चार दिवस लिहिलं. वरणाला फोडणी देताना लिहिलं, नातीची वेणी घालताना लिहिलं. नात म्हणाली, "आजी, एका बाजूची वेणी जाड झालीय." मी म्हटलं, "गप बस, नवा पत्ता आलाय." सहाव्या दिवशी वहीची निम्मी पानं भरली होती आणि फोन तितकाच वाजत होता. सीडीएनकडं यंत्रं किती याचा हिशेब मी केलाच नव्हता. समुद्राचं पाणी तांब्यानं मोजायला बसलेली मी, आणि वर म्हणत होते, संपत आलंय.

हा येडेपणा मला नवा नाही. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर आम्ही सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. त्या पहाटेबद्दल मी लिहीत नाही; ज्यांचं गेलं त्यांना माहीत. पण पुढं कितीतरी महिने जमीन अधूनमधून थरथरायची, आणि माणसं जेवतानाही एक कान जमिनीकडं ठेवून जेवायची. मी तेव्हा ऐन तिशीतली, सरकारी नोकरीतली, स्वतःला फार हुशार समजणारी. फळीवर मी स्टीलचे सात पेले एकावर एक उपडे रचले. पेले पडले की धक्का आला, धक्का आला की सगळ्यांनी बाहेर. घरात कुणी असं काही केलं नव्हतं. माझी छाती फुगली.

पहिल्या दुपारी बैलगाडी गेली, पेले पडले. मी सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी म्हशीनं पत्र्याला अंग घासलं. सासूबाई न्हाणीत होत्या. तशाच ओल्या लुगड्यानं गल्लीत येऊन उभ्या राहिल्या, समोर सगळी पुरुषमंडळी. आत आल्यावर म्हणाल्या, "भूकंपानं मेले न्हाय ती तुझ्या पेल्यांनी मरंन बघ." आठवड्याभरात पेले पडले तरी कुणी हलेना. आणि मग एका दुपारी खरंच धक्का आला, लहानच, पण खरा. पेले खणखणत पडले. सासरे भाकरी मोडत होते, मान वर न करता म्हणाले, "म्हैस आली वाटतं." सगळे जेवत राहिले. मी एकटीच बाहेर, उन्हात, कमरेवर हात ठेवून. काही झालं नाही, नशीब. आणि त्यानंतर मी काय शहाणपण केलं असेल? म्हैस दुसरीकडं बांधली? फळी पत्र्यापासून लांब घेतली? नाही. पेले नीट दिसत नसतील म्हणून आठवा पेला वाढवला.

वहीचं निम्मं पान लिहिता लिहिता मला तो आठवा पेला आठवला आणि मी पेन खाली ठेवलं. माझाच मला असा राग आला की वही भिंतीवर फेकली. तिची पानं सुटली. सून आली, पानं गोळा केली, आणि माझ्यासमोर बसली.

"आत्या, स्टँडवरून घरी येताना रिक्षा करता ना?"

"करते."

"दर वेळी तीच रिक्षा मिळते?"

"कशी मिळंल? जी पुढं असेल ती."

"मग रिक्षा बदलली म्हणून तुम्ही पोलिसांत जाता?"

मी वहीचं एक सुटं पान उलटंपालटं केलं.

"तुम्ही काय बघता?"

"आपल्या स्टँडची हाय का, ते बघते. मागं स्टँडचं नाव लिहिलेलं असतंय."

"तेवढंच बघायचं," ती म्हणाली. "रिक्षा कुठलीही असू दे."

पाच मिनिटांचं बोलणं. मी सहा दिवस वही लिहीत होते. मला वाटलं, ही बाई सहा दिवस कुठं होती? मग आठवलं, सहा दिवस ती म्हणत होती, "आत्या, जरा ऐकता का," आणि मी म्हणत होते, "थांब, नवा पत्ता आलाय."

सीडीएनवाले आपल्या पत्त्यांच्या पट्ट्या उघड छापतात, अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत सगळे आमचे. आलेला पत्ता त्या पट्टीत बसला की तो आपल्या स्टँडचा. गप बसायचं. पट्टीबाहेरचा आला तरी लगेच ओरडायचं नाही. थोडं थांबून पुन्हा विचारायचं, आणि एकाच जागेवरून नाही, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून. सगळ्यांनी सलग तीनदा तेच परकं उत्तर दिलं, तरच बोंब. ती यादी सीडीएनवाले मधूनमधून वाढवतात, म्हणून ती रोज सकाळी नवी आणायची. हे सगळं सुनेनं सांगितलं आणि मी लिहिलं, तिनं तपासलं, आणि माझ्या तीन चुका काढल्या. तिसरी मला मान्य नव्हती. तीच सगळ्यांत मोठी निघाली.

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसली. म्हणाली, "पत्त्याच्या बाबतीत सबुरी. पण ज्या नोंदी वर्षानुवर्षं बदलत नाहीत, म्हणजे या नावाची नोंदवही कुणाकडं आहे ती, आणि मेल कुठं पोचवायचा ती, त्या हलल्या की त्याच मिनिटाला ओरडायचं. त्यात रिक्षा नसते." आणि बोंब आधी आमच्याच फोनवर. आम्ही बघणार, मग कॉलेजला फोन करणार. हे तर तिनं वर्षापूर्वीच सांगितलं होतं. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा. तरी माझी चिडचिड व्हायची ती झालीच.

आणि मग शांतता. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. फोन वाजेना. मी दर तासाला उघडून बघायची, कार्यक्रम मेला तर नाही. सून म्हणायची, "चालू आहे आत्या, चालू आहे." मला चैन पडेना. ओरडत होता तेव्हा त्याचा राग यायचा, गप्प बसला तर संशय. महिना संपायला चार दिवस होते. बाबूंना मी कळवलं, "बघा, आता आठ दिवस एकही खोटा मेसेज नाही." त्यांनी उत्तरच दिलं नाही.

सोमवारी सून आतल्या खोलीत दार लावून पुण्याच्या कंपनीशी कॉम्प्युटरवर बोलत बसली. शेवटची मुलाखत होती, मला बजावलं होतं, "आभाळ पडलं तरी दार वाजवू नका." पावणेबाराला फोन वाजला. कॉलेज. मेलची नोंद नाहीशी.

मी आधी तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारून बघितलं. दोन ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी अजून जुनं उत्तर होतं, कारण जुनी उत्तरं काही वेळ लक्षात ठेवतात लोक. बाबूंना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तरी तेच. मग लक्षात आलं, माझा नंबर बाबूंनी गप्प केलाय. करणार नाहीत तर काय? मी त्यांच्या जागी असते तर महिन्यापूर्वीच केला असता. त्यांनी मला म्हैस ठरवलं होतं.

बंद दाराकडं बघितलं. आभाळ पडलं होतं, पण वाजवलं नाही. पायात चपला घातल्या, रिक्षा केली, आणि कॉलेजात गेले. ऑफिसात कुणी नाही, जेवणाची सुट्टी. बाकावर बसून राहिले. पाऊण तासानं बाबू आले, हातात डबा, मला बघून थबकले.

"काकू! आज काय सवता आलाव? पत्ता बदलला का?"

शेजारचे दोघं हसले.

"पत्ता नाही बाबू. तुमचा मेल बंद पडलाय."

"मेल कसा बंद पडंल? आज तर लई निवांत हाय. सकाळी चार-पाच आलते, त्याच्या मागून एकबी न्हाय. म्या म्हनलं, देवानं सुखाचा दिस दिला."

"बाबू, आज काय आहे?"

"काय हाय म्हंजे?"

"आज मेलवर काही यायचं होतं का?"

बाबूंचा चेहरा हळूहळू बदलला. परीक्षेच्या फॉर्ममधल्या दुरुस्त्या पोरांनी मेलवर पाठवायच्या होत्या, आणि तो शेवटचा दिवस होता. शे-दोनशे मेल यायला हवे होते. सकाळच्या चार-पाचांनंतर आला एकही नव्हता, आणि त्यांना तो निवांतपणा वाटला होता.

"आज साइटला कुणी हात लावलाय का?" मी विचारलं.

लावला होता. साइटचं नवं रूप करायला एकाला सांगितलं होतं, प्राचार्यांच्या ओळखीतला. सकाळी तो येऊन बसला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "जुन्या बऱ्याच नोंदी पडून होत्या सर, साफसफाई केली." झाडू मारताना देव्हाराच उचलून टाकला होता बाबानं. जुनी नोंद माझ्याकडं होती. महिनोन्‌महिने दर पाच मिनिटांनी विचारून साठवलेली. ती मी वाचून दाखवली, बाबूंनी कागदावर लिहिली, त्यानं फोनवर ऐकून परत घातली. "मधी येक टिंब हाय का?" बाबू मला विचारायचे, आणि मी म्हणायची, "हाय, हाय, ते सोडू नका." मग आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. अर्धा तास काही नाही. बाबू घामाघूम. मग एक मेल आला. मग तीन. वाटेत खोळंबलेले सगळे संध्याकाळपर्यंत हळूहळू येत राहिले.

प्राचार्यांनी आत बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "तुम्ही फोन का नाही केला?"

मी बाबूंकडं बघितलं. बाबूंनी छताकडं बघितलं. मी म्हटलं, "केला होता साहेब. पण महिनाभर माझ्या नंबरावरून इतके खोटे मेसेज आले की आता फोन कुणी उचलेल कसा?"

प्राचार्य जरा हसले. बाबू अजिबात हसले नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, "राखण चालू ठेवा. पुढचं वर्षही. एकच अट. फोन यापुढं तुमच्या सूनबाईंचा येईल. तुमचा नाही. सूनबाईंचा आला की बाबू पहिल्या रिंगला उचलतील." आणि बाबूंनी लगेच, माझ्या देखत, तिचा नंबर घेतला आणि त्याला वेगळी घंटा लावली. माझा तसाच ठेवला, गप्प.

घरी येईपर्यंत मी रिक्षात धुमसत होते. राखण मी केली, पाऊण तास बाकावर मी बसले, आणि तोंड बंद करायचं माझंच. घरी आले तर दार उघडं होतं. मुलाखत चांगली झाली होती. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला होता. मी सगळं सांगितलं, अटीसकट. ती ऐकता ऐकता हसायला लागली, पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"हसतीस काय? माझा अपमान झालाय."

"आत्या, म्हणजे मी इथं नसले तर फोन कोण करणार?"

"तेच म्हणतेय मी."

ती कॉम्प्युटरकडं वळली आणि पुण्याला नकार लिहायला बसली. आभार, खेद, घरची अडचण, असं सगळं इंग्रजीत. लिहून झाल्यावर म्हणाली, "आत्या, एकदा वाचा ना, काही चुकलंय का बघा." मी चष्मा लावून वाचलं. वर तारीख कालची पडली होती. ती दाखवली असती तर तिनं दुरुस्त करताना पत्र पहिल्यापासून वाचलं असतं, आणि असली पत्रं दुसऱ्यांदा वाचताना माणसाचा विचार फिरतो.

"झकास झालंय," मी म्हटलं. "पाठव लवकर."